काकाचं कॉलेज, पुतण्याचं स्टेशन

माझ्या वडिलांच्या तोंडी तो शब्द 'एल्फिस्टन' असा होता. मधला 'न' गिरणगावात कधीच गळून पडला होता. "एल्फिस्टनला उतर, पुलावर गर्दी असेल, कडेकडेने ये," असं ते मला सांगायचे. जोगेश्वरीहून स्लो लोकल पकडायची, एल्फिस्टनला उतरायचं, पाळी भरायची आणि त्याच फलाटावरून परत यायचं, असं त्यांचं वीस-बावीस वर्षं चाललं. त्या नावाचा माणूस कोण होता, असं त्यांनी कधी विचारलं नाही. स्टेशन होतं, एवढंच.

जून 1983मध्ये ते मला घेऊन काळ्या घोड्यापाशी एलफिन्स्टन कॉलेजात आले. गिरण्यांचा संप सुरू होऊन दीड वर्ष होत आलं होतं, घरातली भांडीसुद्धा मोजकी उरली होती. अकरावीची फी त्यांनी मामांकडून उसनी आणली होती. त्यांच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा होता. खिशावर शाईचा जुना डाग होता आणि त्याच्यावर हात ठेवून ते चालत होते. कमानीखाली आल्यावर त्यांनी मान वर केली, पाटी अक्षर अक्षर लावून वाचली आणि म्हणाले, "हा आपला स्टेशनवालाच का रे?"

"हो, तोच," मी म्हणालो.

ते चूक होतं, पण सोळाव्या वर्षी मला ते ठाऊक नव्हतं. स्टेशन ज्याच्या नावाचं, तो जॉन एलफिन्स्टन 1853 ते 1860 मुंबईचा गव्हर्नर होता. कॉलेज ज्याच्या नावाचं, तो माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन. हा जॉनचा काका, आणि 1819 ते 1827 तोही मुंबईचा गव्हर्नर होता. काका-पुतणे एकाच गादीवर बसून गेले आणि आपण दोघांना एकाच नावात गुंडाळून टाकलं. स्टेशनाचं नाव 2018मध्ये बदलून प्रभादेवी झालं. त्याच्या आदल्या वर्षी, 29 सप्टेंबर 2017ला, त्याच पुलावर सकाळच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन 23 माणसं गेली. त्या दिवशी बातम्या बघताना माझ्या कानात "कडेकडेने ये" एवढंच वाजत होतं.

काकाबद्दल मी गेली कितीतरी वर्षं वाचतो आहे. त्याच्या नावाच्या इमारतीत मी शिकलो, हे त्यामागचं एक कारण. दुसरं कारण मला एका पानावर सापडलं. त्या पानाकडे मी येणारच आहे, पण आधी माणूस नीट दिसायला हवा.

माउंटस्टुअर्टचा जन्म 1779चा, स्कॉटलंडमधला. सरदारघराण्यातला धाकटा मुलगा, म्हणजे नाव मोठं आणि वाट्याला काही नाही. अशी मुलं तेव्हा कंपनीच्या नोकरीत यायची. हा 1796मध्ये कलकत्त्याला उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. पुढे तो बनारसला गेला. तिथे जानेवारी 1799मध्ये पदच्युत नवाब वजीर अलीच्या माणसांनी इंग्रज अधिकाऱ्यांची कत्तल केली, तेव्हा हा घोड्यावर बसून कसाबसा निसटला. 1801मध्ये तो पुण्याला रेसिडेंटचा, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या कंपनीच्या वकिलाचा, मदतनीस म्हणून आला. सप्टेंबर 1803मध्ये असईच्या लढाईत तो आर्थर वेलस्लीच्या बाजूला घोड्यावर होता. तू चुकून मुलकी खात्यात आलास, खरा तू शिपाई, असं वेलस्ली त्याला म्हणाल्याचं सांगतात. मग काही वर्षं तो नागपूरला भोसल्यांच्या दरबारी होता.

पुस्तकांचं त्याला वेड होतं. पहाटे उठून ग्रीक वाचायचं, दुपारी दरबारचं राजकारण, अधूनमधून भाला घेऊन रानडुकराची शिकार. आणि रात्री रोजनिशीत स्वतःलाच धारेवर धरायचं. उदासीचे झटके त्याला यायचे आणि ते तो लपवायचा नाही. लग्न त्याने केलं नाही.

1808मध्ये त्याला अफगाणांच्या शाह शुजाकडे वकील म्हणून पाठवलं. भेट 1809मध्ये पेशावरला झाली. शाहच्या दंडावरच्या कड्यात कोहिनूर होता, तो एलफिन्स्टनने पाहिला आणि लिहून ठेवला. राजकारण म्हणून ती वकिली फुकट गेली, कारण काही महिन्यांत शुजाचीच गादी गेली. पण भेटेल त्याला प्रश्न विचारत त्याने टोळ्या, वाटा, पिकं, रीतिरिवाज गोळा केले आणि 1815मध्ये त्यांचं जाडजूड पुस्तक छापलं. त्या वकिलीनंतर तीस वर्षांनी, 1838मध्ये, इंग्रज त्याच शुजाला परत गादीवर बसवायला निघाले. विलायतेत बसलेल्या एलफिन्स्टनने तेव्हा पत्र लिहून बजावलं होतं की काबूल तुम्ही घ्यालही, पण त्या गरीब, थंड, दूरच्या मुलखात, तसल्या बंडखोर लोकांत त्याला टिकवणं जमणार नाही. कोणी ऐकलं नाही. 1842च्या जानेवारीत जी फौज काबूलहून परतताना बर्फात संपली, तिचा सेनापती याचाच चुलतभाऊ होता, विल्यम एलफिन्स्टन. म्हणजे एकाच घराण्यातल्या एकाने धोका आधी पाहिला आणि दुसरा त्यातच मेला.

1811मध्ये तो पुण्याचा रेसिडेंट झाला. जुन्या मराठी कागदांतला 'अल्पिष्टन साहेब' तो हाच. रेसिडेन्सी मुळा-मुठेच्या संगमावर होती. मी पुण्याला गेलो की संगम पुलावर थोडा वेळ उभा राहतो. खाली पाणी काळं असतं, जलपर्णी माजलेली असते, मागून रिक्षा हॉर्न देत असतात. पेशवाईचा शेवट ज्या घरात बसून आखला गेला ते इथेच कुठेतरी होतं, हे त्या गलबल्यात मनाला पटवावं लागतं.

तो शेवट कसा झाला, हे आपण शाळेत शिकतो, पण घाईघाईने. बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर हिशेब मिटवायला पुण्यास आले होते. जुलै 1815मध्ये पंढरपुरात विठ्ठलाचं दर्शन घेऊन परतताना त्यांचा खून झाला. एलफिन्स्टन तेव्हा वेरूळला लेणी पाहत होता. बाजीरावाचा लाडका त्रिंबकजी डेंगळे याच्यावर त्याने ठपका ठेवला आणि हट्टाने त्याला ताब्यात घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात टाकलं. पहाऱ्याला सगळे गोरे शिपाई ठेवले, कारण देशी शिपाई फितेल अशी भीती होती. पुढची हकीकत अशी सांगतात की किल्ल्यातला एक मोतद्दार रोज घोडा फिरवताना खिडकीखालून गाणं म्हणत जायचा. गोऱ्या पहारेकऱ्यांना ते नुसतं रेकणं वाटायचं. त्या गाण्यात पळून जायचा बेत होता. सप्टेंबर 1816मध्ये त्रिंबकजी भिंतीला भोक पाडून पसार झाला. मराठी कळत नाही म्हणून नेमलेले पहारेकरी मराठी कळत नाही म्हणूनच फसले. ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा आठवतो, कारण एलफिन्स्टन त्यातून काहीतरी शिकला असावा असं मला वाटतं. या लोकांवर राज्य करायचं तर आधी त्यांचं बोलणं कळलं पाहिजे.

5 नोव्हेंबर 1817ला दुपारी पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या बाजूने निघाली. एलफिन्स्टन रेसिडेन्सी सोडून नदी ओलांडून खडकीला आपल्या पलटणींना मिळाला. त्याच्या पाठीमागे रेसिडेन्सी पेटली. घरदार जळालं याचं त्याला फारसं वाटलं नसावं. जळाली ती पुस्तकं, वर्षानुवर्षं जमवलेली हस्तलिखितं आणि टिपणं. ग्रीक ग्रंथांपासून फारसी बाडांपर्यंत सगळं संध्याकाळपर्यंत राख झालं. पर्वतीवरून बाजीराव लढाई पाहत होता. त्याची फौज कितीतरी पटींनी मोठी होती, तरी लढाई हातची गेली. 17 नोव्हेंबरला इंग्रज पुण्यात शिरले. शनिवारवाड्यावर त्यांचं निशाण चढवलं ते बाळाजीपंत नातूंनी, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

इथवर तो शत्रू आहे आणि मला तो शत्रूच वाटतो. त्याच्या नावाच्या कॉलेजात शिकलो म्हणून ते मऊ करून सांगणार नाही. पुढे पुण्यात इंग्रजांना मारण्याचा कट उघडकीला आला तेव्हा याने म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिलं. मुंबईच्या गव्हर्नरने सुचवलं की यासाठी सरकारकडून माफीचा कायदा करून घ्यावा. याने नकार दिला. चुकलो असेन तर शिक्षा करा, बरोबर असेन तर माफी कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याचे चरित्रकार हे मोठ्या कौतुकाने सांगतात. मला मात्र त्या वेळी तोफेपुढे बांधलेली माणसं दिसतात. स्वच्छ मनाने केलेली क्रूरता क्रूरताच राहते.

पण त्याच माणसाने जिंकलेल्या मुलखावर 1819मध्ये जो अहवाल लिहिला, तो वाचताना मी थबकतो. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, वतनं, पंचायती, सावकारी, सगळं तो गावागावातून विचारून मांडतो. मराठ्यांच्या राज्यात दोष किती होते याची यादी देतो आणि मग लिहितो की एवढे दोष असूनही हा मुलूख भरभराटीत होता, आणि आमच्या जास्त नीटनेटक्या राज्यात जी काही दुखणी आहेत त्यांतल्या काहींपासून ही माणसं मुक्त होती. जिंकणाऱ्याने हे जिंकल्यावर वर्ष-दीड वर्षात लिहिलं आहे. पंचायती मोडू नयेत, इनामं काढून घेऊ नयेत, लोकांच्या चालीरीतींना एकदम हात घालू नये, हा त्याचा आग्रह होता. साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं त्यातही हीच धोरणी नजर होती. पुढे अदालती आल्या आणि पंचायती मोडल्या. 1848मध्ये साताराही खालसा झाला. म्हातारपणी ते पाहून त्याला मनस्वी वाईट वाटलं.

नोव्हेंबर 1819मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना देत ती दक्षिणा त्याने एकदम बंद केली नाही, कमी करून विद्येकडे वळवली. 1821मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. आज आपण ज्याला डेक्कन कॉलेज म्हणतो त्याचं मूळ तिथलं. मुंबईत शाळा आणि शाळेची पुस्तकं यांसाठी मंडळी उभी राहिली. मराठी गद्य पाठ्यपुस्तकांतून आकाराला येऊ लागलं ते याच काळात. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस गणिताची पुस्तकं मराठीत आणत होता, सदाशिव काशिनाथ छत्रे मुलांसाठी गोष्टी मराठीत उतरवत होते.

याच काळातली एक आठवण ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. एलफिन्स्टनच्या तंबूत कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग होता. ही कशाला, असं ब्रिग्जने विचारलं. इथल्या लोकांना शिकवायला, एलफिन्स्टन म्हणाला, पण हाच आमचा युरोपला परत जायचा हमरस्ता आहे. मग गव्हर्नर असून तुम्ही हे सुरू कसं करता, असं ब्रिग्जने विचारल्यावर त्याचं उत्तर होतं, काहीही झालं तरी त्यांच्याविषयीचं आपलं कर्तव्य आपण केलंच पाहिजे.

ही आठवण मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी त्याच्या बाजूचा झालो. कॉलेजातल्या दगडी जिन्यावरून चढताना मला वाटायचं, या माणसाला ठाऊक होतं. रानडे, भांडारकर, तेलंग, फिरोजशहा मेहता, सगळे या नावाच्या कॉलेजातून बाहेर पडले. कॉलेज वेगळं होण्याआधीच्या एलफिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी शिकवलं, दादाभाई तिथेच शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले, आणि पुढे त्यांनी विलायतेत जाऊन आकड्यांनिशी दाखवलं की हिंदुस्थानातून किती पैसा वाहून जातो. हमरस्ता खरंच बांधला गेला होता.

मग ते पान आलं. 1928मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेने मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी एक निवेदन दिलं होतं, बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेलं. त्यात एलफिन्स्टनच्या शिक्षणविषयक टिपणातला उतारा जसाच्या तसा दिला आहे. त्यात तो म्हणतो की सर्वांत खालच्या जातींतली मुलं उत्तम विद्यार्थी ठरतात असं मिशनऱ्यांना आढळलं आहे. पण अशा लोकांना खास उत्तेजन देताना फार जपायला हवं. त्यांचा सर्वांत जास्त तिरस्कार केला जातो, शिवाय संख्येनेही ते थोडे. आपलं शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर ते पुढे पसरणारच नाही. एक नवाच वर्ग आपल्या हाताशी उरेल, ज्ञानाने इतरांच्या वरचढ, पण बाकीच्या जातींच्या द्वेषाचा धनी.

मी ते पान मिटलं आणि बराच वेळ नुसता बसलो.

त्याला माहीत होतं, हे मला जास्त लागलं. ती मुलं शिकू शकत नाहीत, असं तो म्हणत नाही. ती उत्तम शिकतात हे त्याच्या कानावर आहे, ते तो लिहितो, आणि पुढच्याच वाक्यात दार लोटून घेतो. हे टिपण 1823-24च्या सुमाराचं. त्याच्या पाच-सहा वर्षं आधी, 1 जानेवारी 1818ला, भीमेकाठी कोरेगावला कंपनीच्या बाजूने जे शिपाई पडले त्यांत महार शिपाई होते. तिथल्या स्तंभावर शेवटी 'नाक' असलेली नावं आजही वाचता येतात. मरायला ते चालले, वर्गात बसायला मात्र थांबावं लागलं. बाबासाहेबांनी त्याच निवेदनात पुढे 1856मधल्या धारवाडच्या मुलाची हकीकत दिली आहे. महार म्हणून त्याला सरकारी शाळेत घेतलं नाही. एलफिन्स्टनचं टिपण लिहून तेव्हा तीस वर्षं उलटली होती. दरम्यान पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढून झाल्या होत्या, सरकारची वाट न पाहता.

आणि हा उतारा शोधून काढणारा माणूस कोण? एलफिन्स्टन हायस्कूलमधून 1907ला मॅट्रिक झालेला, 1912ला एलफिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झालेला. काळ्या घोड्याच्या त्याच इमारतीत, त्याच जिन्यावरून वर्गात गेलेला. तो जिना आता मी आठवतो तेव्हा मला आधी बाबासाहेबच दिसतात, बगलेत पुस्तकं घेतलेले. योगायोग असा की राज्याचं पुराभिलेखागारही याच इमारतीत आहे. जुन्या मुंबई सरकारची दफ्तरं तिथे बांधून ठेवली आहेत. वर्गात तास चालू असायचा आणि त्याच छपराखाली ते सगळे कागद असायचे. आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

तेव्हापासून मी ब्रिग्जच्या आठवणीतलं ते उत्तर वेगळ्या कानाने ऐकतो. त्यांच्याविषयीचं आपलं कर्तव्य, असं तो म्हणाला. 'त्यांच्या'मध्ये कोण होतं? त्याच्या तंबूत येणारे शास्त्री होते, कारकून होते, मुंबईचे शेटजी होते. आपण परत जाणार हे त्याने इतक्या आधी ओळखलं, पण त्या रस्त्याने आधी कोणी चालायचं हे मात्र इथल्या जुन्या उतरंडीवरून ठरवलं. त्याने ती उतरंड निर्माण केली नाही. ती आपली होती, आणि म्हणूनच मला सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळं होता येत नाही. त्याने ती वापरली, राज्य सुरळीत चालावं म्हणून.

1827मध्ये तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी दोन लाखांहून जास्त रुपये जमवले. त्याच्या नावाने प्राध्यापक नेमावेत, अशी त्यांची इच्छा होती. कॉलेजाचं मूळ त्या वर्गणीत आहे. म्हणजे नाव साहेबाचं, पैसा इथला. चँट्री नावाच्या शिल्पकाराने घडवलेला त्याचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत, टाउन हॉलमध्ये उभा आहे. शेजारच्या दालनात म्हातारी माणसं पंख्याखाली वर्तमानपत्र चाळत बसतात. मीही आता त्यांच्यातलाच.

तो परत कधी आला नाही. गव्हर्नर जनरलचं पद त्याला दोनदा देऊ केलं होतं, दोन्ही वेळा त्याने नाकारलं. 1841मध्ये त्याने हिंदुस्थानचा इतिहास लिहून छापला आणि बाकीची वर्षं इंग्लंडात सरे परगण्यात पुस्तकांत काढली. 1857चा वणवा पेटला तेव्हा मुंबईच्या गादीवर त्याचा पुतण्या होता. नोव्हेंबर 1859मध्ये, ऐंशी वर्षांचा होऊन, काका वारला.

त्या जूनमध्ये फी भरून झाल्यावर वडिलांनी पावती मागून घेतली. इंग्रजी त्यांना अक्षरं लावण्यापुरतं येत होतं. कमानीखाली उभं राहून त्यांनी पावतीवरच्या छापील नावाखालून अंगठ्याचं नख फिरवलं, मग माझ्या नावाखालून. "दोन्ही एकाच कागदावर," म्हणाले. पावतीची चौघडी करून त्यांनी ती शाईच्या डागाच्या खिशात ठेवली आणि आम्ही चर्चगेटकडे चालायला लागलो. परतताना एल्फिस्टन आल्यावर ते सवयीने उठून दारात गेले. गिरणी बंद आहे हे लक्षात आल्यावर परत येऊन माझ्या शेजारी बसले.

स्टेशन पुतण्याचं आणि कॉलेज काकाचं, हे मला कळलं तोवर ते गेले होते.